कढईची राखण करणारी मगर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, फ्रिजवर हिरव्या कागदाची मगर कशाला? मी नुसती हसले. ही गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते, आणि तुमची शाळेची बस दारात आली होती. म्हणून लिहिते.

आमच्या समोरच्या घरात दोन चुलत बहिणी आहेत, तुमच्यातल्या धाकटीएवढ्या. दोघी घरच्यांच्या एकाच स्कूटरवर केजीत जायच्या, एक पुढे उभी आणि एक मागे बसून. मार्च महिन्यात त्यातल्या धाकटीची आई तिला घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, हिला लहान-मोठा आकडाच कळून नाही राहिला. सोमवारी मॅम पुन्हा विचारणार आहेत. नाही आलं तर ही केजीतच राहील, अन् हिची बहीण पहिलीत जाईल."

मुलगी आईच्या मागून डोकावत होती. पहिलीची शाळा दुसऱ्या इमारतीत भरते, तिची वेळही वेगळी, हे तिला कुणीतरी सांगितलेलं होतं.

"मग दीदी स्कूटरवर एकटी जाईल?" एवढंच तिनं विचारलं.

मी तर जन्मभर लहान वर्गांना गणितच शिकवलं, तेही इंग्रजीतून, त्यामुळे मला काही फार अवघड वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आकड्यांची कार्डं मांडली. कडा एका रेषेत, हे सांगायला नकोच. तुमचा बाबा अजून माझ्या चमच्यांच्या खणाची थट्टा करतो. मग कार्डं विस्कटून तिला चढत्या क्रमानं लावायला सांगितली. तिनं पटापट लावली. उतरत्या क्रमानं सांगितली, तशीही लावली. मला वाटलं, आईनं उगाच घाबरवलं.

मग मी हिरव्या कागदाची मगर कापली, जबडा उघडा असलेली. लहान-मोठ्याचं चिन्ह शाळेत असंच शिकवतात. मगरीला भूक लागलेली असते, म्हणून तिचं तोंड नेहमी मोठ्या आकड्याकडे. आठ आणि तीन ठेवले. तिनं मगरीचं तोंड तीनकडे केलं. बारा आणि नऊ ठेवले, तर नऊकडे. मी पुन्हा समजावलं. तिनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि वीस आणि पाचमध्ये मगर पाचाकडे वळवली.

मी चहा ठेवायला उठले, आणि आधण येईपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. ज्याला खरंच कळत नाही, त्याचं कधीतरी चुकून बरोबर येतं. हिचं एकदाही आलं नव्हतं. म्हणजे मोठा आकडा कोणता हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती मुद्दाम दुसरीकडे जात होती.

"काहून गं," मी परत येऊन विचारलं, "मगरीला थोडंच काहून देऊन राहिली?"

"आजी, ही नर्मदामाईची मगर आहे ना. माई हिच्यावरच बसते."

"अच्छा. मग?"

"मग तिनं सगळं कसं खायचं? मागं किती लोक असतात लाइनमध्ये. आजोबा म्हणतात, आपण थोडं घ्यायचं, जास्त मागच्यांना ठेवायचं."

तिचे आजोबा नर्मदा जयंतीला नदीवर, ग्वारीघाटावर, भंडाऱ्यात पुरी-भाजी वाढायला जातात आणि दोघी नातींना सोबत नेतात. त्यांची शिकवण तिनं माझ्या टेबलावर आणली होती. आता याला मी चूक कसं म्हणणार? पण सोमवार जवळ येत होता, आणि शाळेतल्या बाई काही आजोबांना ओळखत नव्हत्या.

"बरं, मगर खाणारच नाही," मी म्हटलं. "तिला दुसरं काम देऊ. काय देऊ?"

तिनं वेणीचं टोक चघळत विचार केला. "राखण करेल. कढईची."

"इथं दोन कढया आहेत. एकीत आठ पुऱ्या, एकीत तीन. कोणती राखेल?"

तिला माझी जरा कीव आली असावी. "आठवाली, आजी. तीन पुऱ्यांसाठी कोण चोरी करते?"

"आणि तोंड?"

"आठवर. हात घातला की चावलीच."

त्यानंतर तिची एकही मगर चुकली नाही. उलट मीच मुद्दाम एक उलटी ठेवली, तर मला रागावली.

सोमवारी मी फाटकापाशी कुंड्यांना पाणी घालत होते. तुळशीला दुसऱ्यांदा घातलं. स्कूटर वळून आली आणि हेल्मेट न काढताच तिची आई हसायला लागली.

"काकू, मॅमनं विचारलं, मगर कौन-सा नंबर खाएगा? तर ही म्हणे, मॅम, ये खाती नहीं है, ड्यूटी पे है. पण सगळी चिन्हं बरोबर केली. गेली पहिलीत."

"दीदीबरोबर," मुलीनं आईची चूक सुधारली.

त्या दिवशी मी दोन्ही घरांसाठी श्रीखंड केलं होतं. एक मोठं भांडं समोरच्या घरासाठी, एक वाटी माझ्यासाठी. संध्याकाळपर्यंत गार व्हायला दोन्ही फ्रिजमध्ये ठेवली. तिनं आत डोकावून दोन्ही नीट पाहिली, दार लावलं, टेबलावरची मगर मागून घेतली आणि माझ्याकडून फ्रिजच्या दारावर चिकटवून घेतली. तोंड थेट हँडलकडे. मग दीदीला हाक मारायला पळाली, आणि जाताना मला बजावून गेली, "आजी, तुम्हीपण हात नका घालू."