शिडीचं धनुष्य

सगळे त्याला शिडी म्हणत. इतका उंच की दाराच्या चौकटीशी त्याचं जन्माचं वैर. गवंडीकाम सुटल्यावर तो तिरंदाजी शिकला. मैदानावरची उसनी धनुष्यं ओढून झाली. आता स्वतःचं घ्यायचं म्हणून बायकोला घेऊन तो धनुष्यवाल्याकडे आला.

दुकानात सरसाचा वास, पायाखाली भुसा. धनुष्यवाला टोकं पुढे वळलेली लाकडी रिकर्व्ह धनुष्यं हातानं घडवायचा, माणूस बघून, आणि घडवलेलं परत घेत नसे. त्यानं माप घ्यायचं हलकं धनुष्य आणि खुणा केलेला बाण पुढे केला. दोरी हनुवटीपर्यंत आणायची. जी खूण धनुष्याशी येईल ती तुमची ओढ. त्यानं समजावलं, ओढ लांब आणि धनुष्य आखूड असेल तर दोरी बोटं चिमटते. उलट झालं तर मुठीच्या वरची-खालची पाती धड वाकत नाहीत आणि बाण रडतखडत जातो.

शिडीनं छाती फुगवली आणि दोरी थेट कानापर्यंत नेली. धनुष्यवाला खूश. या उंचीला लांबात लांब धनुष्यच शोभेल, म्हणाला.

शिवणकाम करणारी बायको स्टुलावरून बघत होती. "अहो, नेम काय कानानं धरणार?"

धनुष्यवाला हसला आणि त्यानं पुन्हा ओढायला लावलं. हनुवटीशी दोरी थांबली तेव्हा खूण फारच अलीकडची आली. डावा हात सरळ करा, तो म्हणाला. सरळच आहे, शिडी म्हणाला.

नव्हता. ऐन उमेदीत तो परांचीवरून पडला होता. तेव्हापासून डावं कोपर पुरतं उघडत नसे. मुकादमाला कळलं तर काम जाईल म्हणून त्यानं त्याच हातानं विटा झेलल्या आणि ब्र काढला नाही. घरी सांगितलं, मुरगळलं होतं, बरं झालं. आता बोलावं तर इतक्या वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार. गप्प बसावं तर न वाकणारं धनुष्य गळ्यात.

"भाऊ, यांचा हात तेवढाच उघडतो," बायको म्हणाली. "त्याच मापाचं घडवा."

शिडी गोरामोरा झाला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमचे शर्ट कोण शिवतं? डावी बाही कोपरात वाक देऊन कापते मी. नाहीतर मनगट उघडं पडतं."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग म्हटलं, विचारण्यापेक्षा शिवणं सोपं."

शिडीनं तिसऱ्यांदा धनुष्य उचललं. या वेळी कोपर आहे तसं राहू दिलं. धनुष्यवाल्यानं खूण टिपली आणि आखूड पात्यांसाठी फळी काढली.

धनुष्य तयार झालं. मैदानावर एकानं विचारलंच, शिडी, नातवाचं उचलून आणलंस काय? शिडीनं बाही वर सारली, कोपर दाखवलं, परांचीवरून कसा पडला तेही सांगितलं. मग हनुवटीपर्यंत दोरी ओढली. पाती पुरती वाकली.