बोंडल्याची चोच

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका इस्पितळात, प्रयोगशाळेत कामाला होते. लहान मुलांच्या वॉर्डातून जुलाबाचे नमुने येत, त्यातले जंतू वाढवून आम्ही ओळखायचो. एकदा कडेगावकडच्या एक सासूबाई थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात वाटी, वाटीत सुनेचं दूध.

"आवं बाई, ह्यात इख हाय का तेवडं बघा."

नातू तान्हा, जुलाबानं पार सुकलेला, आमच्याच वॉर्डात दाखल. यांनी घरी पाण्यात सुनेच्या दुधाचा थेंब सोडून पाहिला होता. तो मिसळला नाही, तळाला बसला. म्हणजे आईचं दूधच बाधलं. तेव्हापासून तिचं पाजणं बंद, आणि मुलाला चोचीच्या पितळी बोंडल्यानं गाईचं दूध, वॉर्डातसुद्धा. सून खाटेवर ओला पदर आवळून बसलेली. असंच चाललं असतं तर तिचं दूध आटलं असतं, आणि मग त्या पोराचं काही खरं नव्हतं.

मी दूध ठेवून घेतलं, बोंडलंही मागितलं. तोवर सिस्टर चमच्यानं पाजतील म्हटलं. बोंडलं राखेनं घासून लख्ख, पण चोच लांब आणि वाकडी, आत करंगळीही जात नव्हती. तारेला कापूस गुंडाळून आत फिरवला, तो पिवळट निघाला.

दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या बश्यांत मुलाच्या शौचातून आणि चोचीतून सारखेच गुलाबी ठिपके वाढले होते. ई. कोलाय. एवढ्यानं काही ठरत नाही. हा जंतू सगळ्यांच्याच आतड्यात असतो. त्यातल्या मोजक्या जातीच तान्ह्या मुलांना आडवं करतात. त्या आतड्याला घट्ट चिकटून बसतात, हे आम्हाला पुढे कळत गेलं. तेव्हा आमच्याकडे त्या ओळखायचं सिरम होतं. काचेवर त्याचा थेंब घ्यायचा, त्यात जंतू कालवायचा. घातक जात असली की थेंब दूध फाटावं तसा फाटतो.

सासूबाईंना शेजारी उभं करून तीन थेंब कालवले. नातवाचा फाटला. चोचीतला फाटला. तिसरा तसाच गढूळ राहिला.

"ह्यो कुणाचा?"

"माझ्या पोटातला, ताडून बघायला. तुमच्याही पोटात आहे."

"माज्या न्हाई."

"बरं."

"आन सुनंच्या दुधात?"

"त्यात हा जंतू वाढलाच नाही."

"रोज राखंनं घासत हुते की मी."

"बाहेरून."

बोंडलं न मागताच त्या वॉर्डाकडे निघाल्या. सिस्टरला निकाल सांगायचा म्हणून मीही मागोमाग गेले. त्यांनी नातवाला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"घे, पाज. पर वांगं खायाचं न्हाई, सांगून ठिवते."

"व्हय, आत्याबाई," म्हणत सून भिंतीकडे वळली.

वांग्यावरून वाद घालायला मी थांबले नाही. पोर चुटूचुटू प्यायला लागलं होतं, आणि खाली माझे दुपारचे नमुने येऊन पडले होते.