बादलीत उरलेली शाई

माझी मावशी सागरी प्रयोगशाळेत नमुने ओळखून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची. बावीस वर्षं! त्यातही तिचा जीव सागरी सशांवर. ससा कसला, मऊ, तपकिरी गोगलगायच ती, शंख अंगात दडलेला आणि डोक्यावर दोन कान. आमच्या भागात दोन जाती सापडू शकतात आणि वरून दिसायला अगदी सारख्या. एक घाबरला की जांभळी शाई सोडतो, दुसरा सोडत नाही. शिवाय बिनशाईवाल्याच्या पाठीवरच्या पंखासारख्या पाळ्या मागे जुळलेल्या असतात, शाईवाल्याच्या सुट्या. पण स्पिरिटमध्ये प्राणी मुठीएवढा आक्रसतो आणि पाळ्या उलगडायला गेलं की फाटतो. म्हणून तिच्या जुन्या सरांनी शिकवलेलं, ससा जिवंत असतानाच आधी शाई बघायची.

मावशीच्या टेबलावर एकाही सशाने कधी शाई सोडली नाही. म्हणून तिने ठामपणे लिहिलं, आपल्या खाडीत फक्त बिनशाईवालाच. तिच्या एकेचाळीस बाटल्यांच्या जोरावर प्रयोगशाळेच्या नव्या पुस्तिकेसाठी एक पान तयार झालं आणि त्याखाली तिचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा! प्रयोगशाळेतलं टायपिंग माझ्याकडे, म्हणून मीच ते पान टाइप करून छापखान्यात पाठवलं होतं.

सगळे ससे काका आणायचे, म्हणजे तिचे यजमान. त्या सोमवारी त्यांचा गुडघा सुजला, म्हणून ओहोटीला मावशी स्वतः पाण्यात उतरली. तासाभराने धापा टाकत प्रयोगशाळेत आली, तर कोपरापर्यंत जांभळी!

"अगं, शाईवाला! आपल्या खाडीत! नवी जात सापडली!"

मला घेऊन ती तशीच घरी धावली. काका गुडघ्याला शेक देत बसले होते. त्यांना हसूच आवरेना.

"नवी कसली? सगळेच सोडतात. मी तिथंच बादलीत दाबून दाबून शाई काढतो, दोनदा पाणी बदलतो, मग आणतो. तुझं टेबल खराब व्हायला नको म्हणून."

मावशीने स्वतःचे जांभळे हात उलटसुलट करून पाहिले. बावीस वर्षं हा माणूस इतक्या मायेने तिच्या कामावर पाणी ओतत होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता!

आम्ही प्रयोगशाळेत परतलो. तिने पहिल्या बाटलीतला ससा काढला, चिमट्याने पाळ्या उलगडल्या. फाटल्या, पण मागे सुट्या होत्या. दुसरा सुटा. तिसराही. दहावाही सुटाच निघाला. मी म्हटलं, "बस झालं, मावशी." तिने ऐकलं नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस शाईवाले निघाले.

"कुणाला सांगायची गरज काय?" मी बोलून गेले. "उद्या पुस्तिका छापायला चाललीये. तुझं नाव आहे त्यात."

"जो पुढे या बाटल्या उघडेल, त्याला मी काय फसवायचं?" ती म्हणाली. "छापखान्यात फोन लाव."

मी लावला. जीभ रेटत नव्हती, तरी सांगितलं की पान काढा. वर तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, चूक माझी. काकांचा उल्लेखही केला नाही. त्याबद्दल मी तिच्यावर चिडलेही.

महिन्याने पुस्तिका आली. मावशीच्या पानाच्या जागी शेवाळाचा फोटो होता. काकांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली, पुन्हा उलटली. त्यांचा चेहरा बघवेना.

"माझ्यामुळे गेलं गं तुझं नाव."

"मी तरी कधी विचारलं, कसे आणता म्हणून?" मावशीने पुस्तिका त्यांच्या हातातून घेऊन मिटली. "उद्या ओहोटी सकाळी आहे. गुडघा ठीक आहे ना? ससे आणा, पण दाबू नका."

"टेबल खराब होईल तुझं."

"होऊ दे," ती म्हणाली आणि मग मात्र रडली.