करिश्माला दिलेली बाटली

कोणता डिओडरंट आपल्या त्वचेला मानवेल, हे कसं ठरवावं? आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, असं मी ठरवलं होतं. जीवशास्त्राच्या शिक्षिकेकडून अपेक्षित असतं तसंच – घाम कुठून येतो, वास कशामुळे येतो, काय टाळावं. दुसऱ्या परिच्छेदापाशी हात थांबला. या विषयातलं मला सगळ्यात नीट ठाऊक असलेलं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, सोबतच्या शिक्षिकांनाही नाही. तुम्हाला सांगते.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतले जिवाणू त्यातल्या घटकांचं विघटन करतात, तेव्हा वास येतो. डिओडरंट तो वास आवरतो. घाम कमी करणारी उत्पादनं वेगळी असतात – पाहा, मी पुन्हा फळ्याकडे वळले. फळ्याकडे तोंड केलं की समोरचे चेहरे दिसत नाहीत.

ती बाटली मी चंद्रपूरच्या एका दुकानातून आणली होती. मोगऱ्यासारखा सुगंध होता. तेवढ्यावरच घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली नाहीत. काखेतले केस काढले आणि लगेच फवारली. आग झाली. नवीन आहे, होईल सवय, असं म्हणून आणखी काही दिवस लावत राहिले. मग लाल पुरळ, मग चिकट झालेलं, सोललेलं कातडं. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हात उचलवत नव्हता. बंद केल्यावर हळूहळू बरं वाटलं. कशामुळे झालं, हे मला कळलं होतं: ताज्या ओरखड्यांवर मद्यार्क आणि तीव्र सुगंधी द्रव्यं. बाटली मात्र जवळजवळ भरलेली होती. महाग होती. फेकवली नाही.

माझी विद्यार्थिनी करिश्मा तेव्हा बारावीची परीक्षा देऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून तिचं गाव. पहाटे आईसोबत मोहफुलं वेचायची आणि तशीच पहिल्या बसने आमच्या मैदानावर सरावाला यायची. मोहाच्या दिवसांत ज्यांच्या अंगणात फुलं वाळत असतात, त्यांच्या कपड्यांत, केसांत तो गोड, आंबूस वास मुरतो. इथे राहणाऱ्या कुणालाही तो ओळखता येतो. मलाही येत होता.

मोहफुलांची दारू गाळतात, त्यावरून सोबतच्या मुली थट्टा करायच्या. "काऊन वो करिश्मा, गोळा फेकाले आली का भट्टी लावाले?" तीही हसायची. "तुमच्यासाठीच आणली ना बाटली, घ्या." हसायची खरी, पण गोळा फेकताना हात पूर्ण वर नेईनाशी झाली. ते मी पाहिलं आणि – कसं सांगू? – मला तिची दया आली. त्या दयेच्या भरात मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं, काखेच्या स्वच्छतेवर छोटंसं व्याख्यान दिलं आणि ती बाटली तिच्या हातात ठेवली. वास कपड्यांत होता. उपाय मी काखेसाठी दिला. तोही जो माझ्याच काखेने नाकारला होता.

तिला वाटलं, मॅडम स्वतः वापरतात तसलीच त्यांनी आपल्यासाठी विकत आणली. मी तसं वाटू दिलं.

इथवर असतं तर तुम्ही म्हणाला असतात, चूक झाली. पण काही दिवसांनी ती परत आली. दारातच उभी राहिली, कोपरं अंगापासून दूर धरून. माझी तशी अवस्था झाली होती, म्हणून पाहताक्षणीच कळलं.

"मॅडम, लय जळून राह्यलं जी. तुमालेबी असंच झालतं का?"

एक शब्द पुरला असता. हो. हो म्हटलं असतं तर तिने ती बाटली त्याच दिवशी टाकली असती. पण मग ही भेट म्हणजे माझी टाकून दिलेली वस्तू होती, हे तिला कळलं असतं. मी शांतपणे म्हणाले – स्वर अजून कानात आहे, वर्गात व्याख्या सांगावी तसा – "नाही. मला काहीच झालं नाही. सुरुवातीला होतं थोडं. आधी साबणाने नीट घासून धूत जा."

ती घासत राहिली. लावत राहिली. मॅडमनी सांगितलं होतं ना.

भरतीच्या मैदानी चाचणीला मी गेले नव्हते. तिच्या मैत्रिणीने सांगितलं: धावताना हात अंगापासून फाकवून धावत होती, आणि गोळा टाकताना हात वर गेलाच नाही. सरावात ती सगळ्यांच्या पुढे फेकायची. नाव यादीत आलं नाही. पुढच्या भरतीआधी तिचं लग्न झालं.

याच वर्षी तिला पाहिलं. मूल तालुक्यातल्या एका गावात जनरल स्टोअरमध्ये ती बसते, दुकान सासऱ्यांचं. मी आत गेले तेव्हा ती एका कॉलेजच्या मुलीला स्प्रे दाखवत होती. मला पाहून उठली, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग त्या मुलीला म्हणाली, "ह्या आमच्या मॅडम. यायनं मले असाच भारी स्प्रे देल्ला होता. त्यायले काई झालं नाई, मलेच सोसला नाई. माहं कातडंच खराब." म्हणताना ती ओशाळी हसली.

त्या खोट्यावर ती इतकी वर्षं स्वतःचं शरीर मोजत आली होती. कितीदा, कुणाकुणासमोर म्हणाली असेल हे? नवऱ्यासमोर? सुईणीसमोर? मी चहा पीत होते. आताही एक शब्द पुरला असता. मी कप खाली ठेवला, मुलं कशी आहेत विचारलं आणि निघाले.

तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्याआधी तुम्हाला सांगते आहे. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द मला येत नाही. आता अंघोळीला बसून हात वर करते तेव्हा माझी नितळ कातडी दिसते. नजर वळवते.

तर उत्तर. सुगंधावर भाळून घेऊ नका. त्वचा नाजूक असेल तर सुगंध आणि मद्यार्क नसलेलं पाहा. केस काढल्यावर लगेच, किंवा खरचटलेल्या जागी लावू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून काही दिवस पाहा. आग झाली, लाली आली, तर धुऊन टाका आणि बंद करा. बरं होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आग होणं म्हणजे तुमची कातडी खराब असणं नव्हे. हे सगळं मी लिहिलं आहे, एवढ्यावरून मात्र ते खरं मानू नका. स्वतः तपासून पाहा.