उलटी चंद्रकोर

साल दोन हजार अठरा, माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा दुसरीपर्यंतच, पण जन्म मासेमारीत गेला. समुद्र मला कुणी शिकवायला नको. सुनेनं पुस्तकातलं चित्र दाखवलं. पॅसिफिकमधल्या एका बेटावरची लाकडी पाटी, तिच्यावर कोरलेली चित्रासारखी अक्षरं आणि त्यांच्यात ओळीनं चंद्रकोरी.

"मामंजी, ही लिपी कुणालाच वाचता येत नाही. चंद्रकोरी मोजून एवढंच म्हणतात, की या महिन्याच्या रात्री असाव्यात."

"असाव्यात काय? आहेतच! भरती-ओहोटीवर जगणारा माणूस दुसरं काय मोजणार?"

"मग आपल्या दाराच्या चौकटीवर तुम्ही काय कोरलंय? उद्या सुतार ती बदलणार."

"तुला काय करायचंय?" मी नेहमीसारखं तोडून बोललो.

पण ती पाटी डोळ्यांपुढून हलेना. रात्रींची मोजणी तेवढी उरली. कुठली रात्र कुणी का कोरली, हे सांगणारी माणसं गेली. माझ्या चौकटीवरही जाळं भरून आलेल्या रात्रींच्या चंद्रकोरी आहेत, आणि त्यांच्यात एकच उलटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतार यायच्या आत, मी सुनेला दारात बोलावलं. त्या उलट्या कोरीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "या रात्री माझा धाकटा भाऊ समुद्रावरून परत आला नाही."