डब्यात वेचलेले दाणे

कुंतला नाएकच्या हातचा भात खाताना कुणाच्या दाताखाली कधी खडा आला नाही. ओडिशात, कंधमालच्या डोंगरातल्या एका शाळेत ती पोरांचं जेवण रांधी; सकाळीच सूप घेऊन बसे, आणि तांदळात जरा वेगळा, पिवळसर दाणा दिसला की चिमटीत धरून डब्यात टाकी. तांदळात प्लास्टिक मिसळतात, असं बाजारात ऐकलं होतं ना तिनं! मग डोळ्यांत तेल घालून निवडणं आलंच. पोरांनाही तिनं तेच पढवलं.

पण हल्ली तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिची लेक झिली, तिसरीतली, भिंतीची माती चाटायची. ओठ पांढरेफटक, चढ चढली की धाप. कुंतला रागावली, दोन धपाटे घातले, देवीला नारळ बोलली. भात ढवळतानाही नजर वर्गाच्या दाराकडे.

एक दिवस नर्सदिदी रक्त तपासायला आली. झिलीचं बोट टोचून तिनं आठ्या घातल्या.

"रक्त फारच कमी. शेजारच्या गावची पोरं सुधारली. तुमचीच का अशी? तांदूळ तर तोच येतो."

"तोच कसा?" कुंतला फणकारली. "मी निवडून घालते. थांबा, दाखवते." तिनं डबा आणून समोर आदळला. "बघा, किती प्लास्टिक."

दिदीनं डब्यातले दाणे मुठीत घेऊन निरखले. "अगं बाई, हेच तर औषध. पोरांचं रक्त वाढावं म्हणून तांदळाच्या पिठात लोह मळून हे दाणे पाडतात नि तांदळात मिसळतात."

कुंतलानं डबा जवळ ओढला. करायला गेली एक नि झालं भलतंच. झिलीचं रक्त तिनंच वेचून डब्यात भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सूप खुंटीलाच राहिलं. हात नुसते शिवशिवत होते. जेवायला बसल्यावर मात्र कुणी घास उचलेना. पोरं भातात बोटं घालून दाणे धुंडाळत होती.

"बोऊ, आज तू निवडलं नाहीस," झिली आईला म्हणाली. "प्लास्टिक आहे यात. तूच सांगितलंस ना."

"चुकीचं सांगितलं मी."

झिली ताटाला हात लावेना. तेव्हा कुंतला तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि तिच्याच ताटातला भात डाळ-भाजीच्या डालम्यात कालवून खाऊ लागली. पोरगी आईच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली.

"गिळलंस?"

"गिळलं."

"परत खा."

कुंतलानं परत खाल्लं. मग झिलीनं तोंड उघडलं. भरवताना कुंतलाच्या हातून काही शितं खाली सांडली. तिनं ती एकेक करून वेचली आणि परत ताटात टाकली.