रामनगरच्या पाण्यातला चष्मा

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे, की भिंतींनाही पाठ असेल. ती खोटी आहे, हे मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही — घरच्या गणपतीलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्याकडे भाऊबीजेला जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

आधी दिवस सांगतो, कारण दिवस फार सुंदर होता. आणि हो, मुद्द्यावर यायची मला घाई नाही, हेही ओळखलंत तर बरं.

नव्वदच्या दशकातली दिवाळी. आमचं घर काशीतलं, अमृतराव घाटामागच्या गल्लीतलं. बायको सुधा मात्र मालवणची, समुद्राकाठची. भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ विनायक आला तो एक अजब वस्तू घेऊन — पाण्याखाली बघायचा काचेचा मोठा चष्मा, आणि त्याला अडकवलेली श्वास घ्यायची वाकडी नळी. गोव्यात कुणा परदेशी पाहुण्याने जाताना त्याला देऊन टाकली होती. ती लावून तो सिंधुदुर्गाच्या तटाखालचे मासे बघायचा, आणि आता त्याला आमची गंगा आतून बघायची होती. ‘किल्लो पण व्हयो हां भावोजी,’ तो म्हणाला. किल्ला म्हटल्यावर गंगेपलीकडचं रामनगर. ठरलं — सकाळी नाव करायची, दिवस पलीकडे काढायचा, संध्याकाळी घरी.

इथे एक सांगायला हवं. मला पोहता येत नाही.

जन्म घाटावर गेला, पण मी आंघोळ करतो ती पायरीवर उभा राहून, साखळी घट्ट धरून. सुधाला बघायला मालवणला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, पोहता येतं ना? मी म्हणालो, रामनगरपर्यंत पोहत जातो. समुद्राकाठच्या माणसांसमोर गंगेची लाज राखायला नको का? सुधाने ते खरं मानलं. आमच्या मीनूने तर शाळाभर केलं — माझे बाबा गंगा पार करतात!

असो. नावेत आम्ही पाचजण होतो — सुधा, विनायक, आठ-नऊ वर्षांची मीनू, मी आणि माझी आई. आई यायलाच तयार नव्हती. रामनगर म्हणजे व्यासकाशी, आणि तिथे मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, हे काशीत कोण नाही मानत? ‘सूर्य मावळायच्या आत मला या काठाला आणून सोडा,’ या अटीवर ती बसली. पलीकडे पाय टेकताच तिला पेरूचा ठसका लागला, आणि तिचा चेहरा असा झाला की मीनू तिच्या कानाशी जाऊन गाढवासारखी ओरडली. आईने तिला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसत बसली. आईला इतकं हसताना पुन्हा कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

किल्ल्यात पालख्या पाहिल्या, तलवारी पाहिल्या, जुन्या मोटारी पाहिल्या. बाहेर येऊन लस्सी. विनायक कुल्हडामागून कुल्हड रिचवत म्हणाला की मालवणात सगळं आहे, एवढं एक नाही. मग नाव थोडी पुढे, वाळूच्या काठाजवळ नेली आणि त्याने बुडी मारली. वर आला तो बोंबलतच — चहाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं वाटतंय, काही म्हणून दिसत नाही! दुसऱ्या बुडीला मात्र त्याने कासव पाहिलं. एवढं मोठं! मग सुधाला कुठला धीर? पदर खोचला आणि नेसत्या साडीनिशी उतरली. लग्नानंतर मी तिला असं पाण्यात कधी पाहिलंच नव्हतं. वर आली तेव्हा तिचं तोंड लहान मुलीसारखं फुललं होतं. तिलाही कासव दिसलं होतं.

मी फार खूश होतो. खरंच होतो. आणि मग मीनू टाळ्या पिटत म्हणाली, आता बाबा!

सगळे माझ्याकडे बघू लागले. सुधा सगळ्यात कौतुकाने. तिने चष्मा काढला, नावेच्या फळीवर माझ्याशेजारी ठेवला आणि साडी पिळायला वळली. तेवढ्यात पलीकडच्या अंगाला कासवाने डोकं वर काढलं. सगळे तिकडे झुकले — आणि मी?

मी हाताने चष्मा पाण्यात ढकलला. नाव कलली, म्हणून घसरला असं नाही. मी ढकलला. बुळुक असा आवाज झाला.

विनायकने लगेच सूर मारला, हाती चिखल आला. पुन्हा मारणार तोच आईने त्याला अडवलं — गंगेने घेतलेलं उकरून काढायचं नसतं. नाववाल्यानेही हात जोडले, ‘मइया ले लिहलीं, अब का मिली!’ झालं. विनायकने पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. काशीत राहून एवढा फायदा मला दुसऱ्या कशाचा झाला नसेल.

इथवर सगळं भित्रेपणात खपलं असतं. पण सुधा हळूच म्हणाली, ‘माझ्याच हातून नीट ठेवला गेला नाही वाटतं.’ यावर मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. बसलो का? मी म्हणालो, ‘तुझं लक्षच नसतं कधी.’ सगळ्यांसमोर. आवाज चढवून. त्या ओल्या, फुललेल्या तोंडाला.

तिचं तोंड क्षणभर उतरलं, आणि मग तीच आधी हसली. परतीच्या वाटेवर तिने या प्रसंगाची गोष्टसुद्धा करून टाकली — सुधाने गंगेला चष्मा वाहिला, आता गंगामाईला सगळं स्वच्छ दिसेल! सगळे पोट धरून हसले. सूर्य मावळायच्या आत आई घाटाला लागली.

तेव्हापासून दर भाऊबीजेला ही गोष्ट होते. विनायक ओवाळणी घालताना म्हणतो, ‘ह्या तरी नीट ठेव गो,’ आणि सुधा सगळ्यांत मोठ्याने हसते. मीनू आता सासरहून येते तीही आधी तीच गोष्ट मागते. सुधा सांगतेही फार रंगवून, कासवासकट.

फक्त एक झालं. त्या दिवाळीनंतर तिने कपाटाच्या आणि देवघराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. तुम्हीच ठेवा, म्हणाली, मी वेंधळी, माझ्या हातून गंगेत जायच्या. त्याआधी आमच्या घरातली चमच्याएवढी वस्तूसुद्धा तिने कधी हरवली नव्हती. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, हे ती तेव्हापासून मला विचारते. मीही उठून बघून येतो, आणि सांगतो की हो, लावली आहे. किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत.

तो चष्मा फळीच्या मधोमध होता. नळी आतल्या बाजूला वळवलेली, पट्टा खिळ्याला अडकवलेला. ढकलण्याआधी मला तो सोडवावा लागला होता. सुधाने तो अगदी नीट ठेवला होता.